अकरा नावांची हजेरी

ती उभ्याने वाचायची. शेजारी खुर्ची रिकामी असली तरी. पान उलटलं की एका पायावरचा भार दुसऱ्यावर टाकायची.

चहा समोर ठेवून गार करायची आणि मग गार झाला म्हणून कुरकुरायची.

कुठलाही करार हाती आला, अगदी वसतिगृहाच्या खोलीचा, तरी शेवटचं पान आधी वाचायची. म्हणायची, भानगड नेहमी मागच्या दाराजवळ उभी असते.

बुटांच्या नाड्या कधी सोडायची नाही. बांधलेल्या बुटात पाय कोंबायची, पायरीवर टाच आपटायची आणि निघायची.

टॅक्सीच्या व्हॅनमध्ये बसली की कंडक्टरला भाडं विचारण्याआधी त्याचं एम्पाको, म्हणजे लाडाचं नाव, विचारायची. कंपालातल्या निम्म्या लोकांना एम्पाको नसतं. मग ती स्वतःच एखादं बहाल करायची. विद्यापीठाच्या फाटकावर एक रखवालदार होता, बुगांडाचा. तिने त्याला अरालि हे एम्पाको दिलं होतं. तो आता घरीही तेच सांगतो म्हणे.

फिरिंदा खाताना मात्र बोलायची नाही. सोललेल्या घेवड्याचं ते घट्ट वरण, वर तूप, सोबत नाचणीचा उंडा. तेवढा वेळ ती एका जागी बसायची.

टोपिस्ता कातुसाबे. एम्पाको अड्येरी. वय सत्तावीस. कायदा आणि आंतरराष्ट्रीय विकास या विषयाच्या पदव्युत्तर अभ्यासाचं दुसरं वर्ष.

कोबुसिंगे दोन वर्षं तिच्याबरोबर एका खोलीत राहिली. कोबुसिंगे साहित्याची. पदवी झाल्यावर नोकरी मिळाली नाही, म्हणून विद्यापीठामागच्या गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानात, ती लोकांचे प्रबंध तपासून द्यायची. भाषा नीट करायची, स्वल्पविराम हलवायचे. दुसऱ्यांच्या ज्ञानाची इस्त्री, असं टोपिस्ता म्हणायची.

"अड्येरी, तुझा विषय म्हणजे नेमकं काय गं?" कोबुसिंगेने पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं.

"लांबून कोणीतरी रस्ता पाठवतं. त्याला विकास म्हणायचं. तो कोणाच्या अंगणातून गेला ते लिहून ठेवायचं. त्याला कायदा म्हणायचं."

"आणि ज्याचं अंगण?"

"त्याची सही घ्यायची."

दोघी हसल्या होत्या. दोघी बुन्योरो मुलखातल्या, म्हणून खोलीत नाव कोणी घेत नसे. बुन्योरोत मोठ्या माणसाला नावाने हाक मारणं म्हणजे त्याच्या अंगावर पाणी फेकण्यासारखं. त्यासाठी एम्पाको असतं, लाडाचं आणि मानाचं नाव. ती एकूण बारा. एक राजासाठी राखलेलं. उरलेल्या अकरांत सगळा मुलूख. कोबुसिंगे अकीकी होती, तिची आई अकीकी होती, आणि आईची सवतही.

टोपिस्ताचा प्रबंध किहेम्बोवर होता. तळ्याकाठच्या नव्या बंदरापासून महामार्गापर्यंत एक रस्ता जाणार होता. पैसा परदेशातल्या एका विकास बँकेचा. रस्ता किहेम्बोच्या गायरानातून आणि कबरींच्या माळावरून जायचा होता. ही जमीन कोणा एकाच्या नावावर नाही. पिढ्यान्‌पिढ्या सगळ्यांची. अशा जमिनीवरच्या लोकांना विचारल्याशिवाय बँक हप्ता सोडत नाही, असा तिचाच नियम आहे. विचारलं याचा पुरावा लागतो. तो पुरावा कसा तयार होतो, हाच टोपिस्ताचा प्रश्न होता.

किहेम्बो तिच्या आईचं माहेर. फेब्रुवारीत ती तीन आठवडे तिथे राहिली. आंब्याखाली लोकांना जमवलं, त्यांचं ऐकलं, प्रत्येकाला साबणाची एक वडी दिली. निघताना हजेरीपत्रक फिरवलं. या देशात हजेरीपत्रकाशिवाय चार माणसं एकत्र बसत नाहीत. कागद तिने तिच्या मार्गदर्शकांच्या, डॉक्टर मुगेन्यींच्या, कचेरीतूनच घेतले होते. छापील, रेघा आखलेले. अनुक्रमांक, नाव, गाव, सही किंवा अंगठा. वर एक ओळ: बैठकीचा विषय. ती तिने नंतर भरू म्हणून सोडली.

नावाच्या रकान्यात तिने फक्त एम्पाको लिहिली. आमोती. अतवूकी. अपुली. पुन्हा अतवूकी. आजोबांच्या वयाच्या माणसाला, तुमचं ओळखपत्राच्या कार्डावरचं नाव काय, असं भर सभेत ती कसं विचारणार होती? शिवाय संशोधनाचा नियमही सांगत होता, खरी नावं लपवा. दोन्हीकडचे कायदे एकाच वेळी पाळले गेले म्हणून ती खूश होती. कंपालाला परतल्यावर कोबुसिंगेला तिने ते कागद दाखवले. त्रेसष्ट निळे अंगठे, एकूण नावं अकरा.

"हे हजेरीपत्रक आहे की कविता?" कोबुसिंगे म्हणाली.

"तुला सगळीकडे कविताच दिसते. म्हणून तर तुला नोकरी नाही."

जूनमध्ये चौथं प्रकरण चाललं होतं. बँकेच्या संकेतस्थळावर रस्त्याचा अहवाल आला होता. टोपिस्ताने तो दुकानातच छापून घेतला आणि उभ्याने, शेवटच्या पानापासून वाचायला लागली. कोबुसिंगे समोरच्या टेबलावर कोणाच्या तरी शेतीविषयक प्रबंधातली क्रियापदं दुरुस्त करत होती. बराच वेळ पान उलटल्याचा आवाज आला नाही, म्हणून तिने वर पाहिलं.

टोपिस्ता खाली बसली होती. फरशीवर.

सातवं परिशिष्ट. शीर्षक असं: प्रकल्पाबाबत सल्लामसलतीत सहभागी होऊन संमती दिलेले ग्रामस्थ. खाली तिचं हजेरीपत्रक. तिचं अक्षर. तिसऱ्या पानाच्या कोपऱ्यात तिच्याच बोटाचा शाईचा डाग. वरची रिकामी ओळ आता भरलेली होती. टंकलेली, सुबक.

"हे तू दिलंस?" कोबुसिंगेने विचारलं.

"मार्गदर्शकांना प्रत द्यावी लागते. प्रबंधाच्या फाइलसाठी."

डॉक्टर मुगेन्यी विद्यापीठात शिकवत आणि बाहेर एक सल्लागार संस्था चालवत. रस्त्याचा अहवाल त्या संस्थेचा होता. हे टोपिस्ताला माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं. त्यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं, उलट अशा माणसाच्या हाताखाली जागा मिळावी म्हणून चढाओढ असायची.

ती तडक त्यांच्या खोलीत गेली. कोबुसिंगे दाराबाहेर बाकावर बसली. दार पूर्ण लागलं नव्हतं.

"बस, टोपिस्ता."

"नको सर."

"एकाच गावाला दोनदा कशाला त्रास द्यायचा? तू रस्त्याबद्दल बोललीस ना त्यांच्याशी? बोललीस. ते आले होते ना? आले होते. आमच्या माणसांनी तेच केलं असतं. त्यांनी साबणही दिला नसता."

"त्यांनी संमती दिली नाही सर. मी मागितलीच नव्हती. अर्ध्याहून जास्त लोक नको म्हणत होते. माझ्या टिपणांत आहे."

"टिपणं अहवालात नसतात. आणि वरची ओळ तू रिकामी ठेवलीस. कायद्यात रिकामी जागा कोणाची असते, हे मी तुम्हाला पहिल्या सत्रात शिकवलंय."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग डॉक्टर मुगेन्यींचा आवाज मऊ झाला. "तुझा प्रबंध चांगला होतोय. सहा आठवड्यांत दे. बाहेरच्या विद्यापीठात जायचंय ना तुला? माझं पत्र लागेल. उगीच धुरळा उडवू नकोस."

टोपिस्ता बाहेर आली ती थांबलीच नाही. कोबुसिंगेला तिच्यामागे जवळजवळ धावावं लागलं. तीन वेळा रस्ता ओलांडून दोघी पुन्हा त्याच फाटकाशी आल्या. अरालि म्हणाला, "अड्येरी, काही हरवलं का?"

"त्रेसष्ट माणसं," ती म्हणाली.

बँकेचा तक्रार कक्ष असतो. तोही तिच्याच अभ्यासक्रमात होता, दुसऱ्या सत्रात. तिने पत्र लिहिलं, कोबुसिंगेने वाक्यं लहान केली. उत्तर आठ दिवसांत आलं, अतिशय सभ्य. तक्रार विचारात घेता येईल. मात्र यादीतल्या प्रत्येक व्यक्तीने स्वतः, पूर्ण नाव आणि ओळखपत्राच्या क्रमांकासह, आपण संमती दिली नव्हती असं लेखी सांगावं. जी व्यक्ती सांगणार नाही तिची संमती ग्राह्य धरली जाईल. मुदत पंचेचाळीस दिवस.

"पूर्ण नाव," कोबुसिंगे म्हणाली.

टोपिस्ताने यादी उघडली. अतवूकी अकरा. आमोती नऊ. अकीकी सात. कोण कुठला, काही खूण नाही.

"मला माहीत होतं ते सगळे कोण आहेत," ती म्हणाली. "तेव्हा माहीत होतं. समोर बसले होते."

त्याच दिवशी तिने विद्यापीठाच्या नीतिसमितीला कळवलं की तिने चुकीच्या कागदावर अंगठे घेतले आणि ते भलतीकडे वापरले गेले. न कळवता तक्रार पुढे नेता आली नसती, कारण तक्रारीचा मुद्दाच तो होता. परिणाम काय होणार हे तिला नियमाच्या क्रमांकासह ठाऊक होतं. प्रबंध थांबणार. गोळा केलेलं सगळं बाद. शिष्यवृत्ती जुलैअखेर संपणार.

"दोन वर्षं," कोबुसिंगे म्हणाली. एवढंच.

"अकीकी, तू माझं चौथं प्रकरण तपासलंस ना? त्यात मी काय लिहिलंय? पुरावा तयार करणाऱ्याला तो तयार झाला हे कळत नाही. किती हुशार वाक्य होतं ते."

कोबुसिंगे तिच्याबरोबर पहिल्यांदा गेली ती जूनच्या शेवटी. बसने जवळच्या मोठ्या गावापर्यंत, तिथून बोडावर, एका मोटरसायकलवर तिघं. टोपिस्ता मध्ये, आणि सारखी चालकाच्या खांद्यावरून पुढे वाकलेली. तो म्हणाला, "ताई, तुम्ही वाकल्याने गाडी लवकर पोचत नाही." ती मागे झाली आणि पुन्हा वाकली.

किहेम्बोत आमोती म्हणून एक म्हातारे होते. गायरानाबाबत त्यांचा शब्द चालायचा. त्यांनी दोघींची एम्पाको विचारली, भाजलेल्या कॉफीच्या बिया चघळायला पुढे केल्या, आईची चौकशी केली, गाईची केली. टोपिस्ता हो-हो करत होती आणि तिचा गुडघा हलत होता. मग तिने सगळं सांगितलं. स्वतःची चूक आधी सांगितली.

आमोतींनी ऐकून घेतलं. "म्हणजे आता तुला आमचे अंगठे परत द्यायचेत."

"हो आमोती."

"आणि त्यासाठी काय पाहिजे?"

तिने मान खाली घातली. "अंगठा."

अंगणात बसलेल्या बायका एकदम हसल्या. त्यांच्यातली अपुली, आमोतींची वहिनी, तोंडाची फटकळ, म्हणाली, "पोरी, पहिल्या अंगठ्याला साबण मिळाला. या अंगठ्याला काय, पाणी?"

"अंगठा काढायला अंगठा लागतो हे त्या मोठ्या शाळेत शिकवतात का?" आमोतींनी विचारलं. आवाज चढला नव्हता. "तू आपली लेक म्हणून आम्ही दिला. वाचून दाखव असंही कोणी म्हटलं नाही. आता तूच सांग, दुसऱ्यांदा कशावर विश्वास ठेवायचा? तुझ्या तोंडावर की कागदावर?"

टोपिस्ता उठली, अंगणाच्या टोकापर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली. केळबागेत जाते की काय असं कोबुसिंगेला वाटलं. मग ती आली आणि पिशवीतून शाईचं पॅड काढलं.

"आधी मी देते," ती म्हणाली.

तिने कागदावर लिहिलं: मी, टोपिस्ता कातुसाबे, किहेम्बोच्या लेकीची लेक, यांचा अंगठा माझ्या अभ्यासासाठी घेतला. रस्त्यासाठी नाही. चूक माझी. खाली स्वतःचा अंगठा उठवला. तिला सही करता येत होती, तिची सही चांगली लपेटदार होती, पण तिने अंगठाच उठवला. आणि तो कागद आमोतींच्या हातात दिला. "हा तुमच्याकडे ठेवा. कोणी आलं तर दाखवा. मी खोटी निघाले तर कोर्टात न्या. तिथे हा चालतो."

आमोतींनी कागद लांब धरून पाहिला. नातीकडून दोनदा वाचून घेतला. मग म्हणाले, "त्रेसष्ट लिही."

तिने त्रेसष्ट लिहिले, प्रत्येकासाठी एक. दोन दिवस लागले. अंगठा निळा तो निळाच राहिला.

मग माणसं शोधायची. टोपिस्ताने आंब्याखाली लोकांना पुन्हा बसवलं, फेब्रुवारीत बसले होते तसं. कागद ज्या बाजूने फिरला होता त्या बाजूने मोजायला लागली. दहाव्या ओळीपर्यंत नीट चाललं. अकराव्या अंगठ्यावर दोन अतवूकी भांडायला लागल्या.

"हा माझा. मी खांबाशी बसले होते."

"खांबाशी मी होते. तू उशिरा आलीस, कॉफी भाजणं उरकून."

"अंगठा बघ ना. इतका देखणा अंगठा तुझा असेल का?"

दोघींचे अंगठे कागदाला लावून पाहिले. दोघींचाही जुळला नाही. देखणा अंगठा तिसऱ्याच अतवूकीचा होता, आणि ती नेमकी आज बाजाराला गेली होती.

ओळखपत्रं आणली तेव्हा वेगळीच मजा. कार्डावरची नावं गावात कोणी वापरत नव्हतं. आमोतींचं नाव अर्नेस्त निघालं. अपुली ते कार्ड उलटंसुलटं करून म्हणाली, "चाळीस वर्षं मी अर्नेस्तच्या शेजारी राहतेय आणि मला पत्ता नाही. भाऊजी, अजून काही लपवलंय का?" आमोती पहिल्यांदा हसले.

कोबुसिंगे चार दिवसांनी दुकानात परतली. टोपिस्ता राहिली. एखाद्या आठवड्यात ती अचानक कंपालाला उगवायची, कागदांच्या प्रती काढायची, उभ्याने पाव खायची आणि दुपारच्या बसने परत जायची. सतरा झाले, म्हणायची. छत्तीस झाले. शेळ्या घेऊन दूर गेलेल्यांमागे ती दोन दिवस चालली. एकाला लग्नातून उठवून आणलं. खोलीवर नीतिसमितीचं पत्र आलं होतं, क्षेत्रकाम अमान्य, प्रबंध स्थगित. तिने ते शेवटच्या पानापासून वाचलं, घडी घातली आणि त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर राहिलेल्या ओळींची यादी केली.

"तुला वाईट नाही वाटत?" कोबुसिंगेने विचारलं.

"वाटतं ना. वाटायला वेळ ठेवलाय. ऑगस्टमध्ये."

मुदतीच्या दिवशी एकोणसाठ कागद गेले. तक्रार कक्षाचं उत्तर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आलं. एकोणसाठ संमती रद्द. हप्ता रोखला. ऑक्टोबरमध्ये बँकेची स्वतःची माणसं किहेम्बोत येऊन नव्याने विचारणार. अहवाल बनवणाऱ्या संस्थेकडून खुलासा मागवला. शेवटच्या पानावर एक ओळ होती: उर्वरित चार व्यक्तींची संमती, त्या स्वतः मागे घेईपर्यंत, कायम समजली जाईल.

कोबुसिंगेने दुकानात मोठ्याने वाचून दाखवलं. तिला नाचावंसं वाटत होतं. "जिंकलीस तू, अड्येरी. चारांनी काय होतंय? साठातले चार."

"साठातले नाही. त्रेसष्टातले."

"तेच."

"ऑक्टोबरमध्ये कोणीतरी म्हणेल, चार लोक आधीच हो म्हणालेत. मी त्यांना हो म्हणायला लावलंय. त्यांना माहीतही नाही." ती बूट आपटत होती. तिचे डोळे लाल होते. कोबुसिंगेने तिच्या कपाळाला हात लावून पाहिला.

"ताप आहे तुला."

"बसमध्ये झोपते."

"आधी तपासून घे. गोळ्या घे."

"घेतल्यात." तिने घेतल्या होत्या, पण तीन दिवसांच्या गोळ्यांतल्या एका दिवसाच्या. उरलेल्या नंतर तिच्या कोटाच्या खिशात सापडल्या. आपल्याकडे मलेरिया कोणाला होत नाही? दोन दिवस अंग दुखतं, मग माणूस कामाला लागतो. कोबुसिंगेलाही तेव्हा तसंच वाटलं. तिने फाटकापर्यंत पिशवी धरली. अरालि म्हणाला, "आज तरी बसून जा गं."

राहिलेल्या चौघांतले दोघे भाऊ मासेमारीसाठी तळ्याकाठी गेले होते. ती तिथे गेली. मासे वाळत घातलेल्या वाळूवर दोन दिवस त्यांची होडी परतायची वाट पाहिली. वाट पाहताना किनाऱ्यावर फेऱ्या घालत होती, असं ते भाऊ नंतर म्हणाले. त्यांना वाटलं ही कोणाची तरी बायको आहे, नवरा बुडालेली. होडी टेकली तशी ती गुडघाभर पाण्यात शिरली आणि त्यांची एम्पाको विचारली. दोघांचे अंगठे झाले. तिने आपले दोन कागद त्यांना दिले. परतीच्या बोडावर ती चालकाच्या पाठीला टेकून बसली. तो म्हणाला, झोपली असेल असं वाटलं.

जिल्ह्याच्या रुग्णालयात ती तीन दिवस होती. दुसऱ्या दिवशी तिने नर्सला, तुमचं एम्पाको काय, असं विचारलं. तिसऱ्या दिवशी कोणालाच काही विचारलं नाही. कोबुसिंगे पोचली तेव्हा दुपार होती. पलंगाची चादर बदलली होती.

टोपिस्ताला जाऊन आता एक महिना झाला. कोबुसिंगे दुकानात जाते. दुसऱ्यांचे स्वल्पविराम हलवते आणि मग पुन्हा होते तिथे नेऊन ठेवते. टोपिस्ताची पिशवी तिच्याकडे आली, टोपिस्ताच्या आईने दिली. वर एक स्वेटर आहे, खाली शाईचं पॅड, त्याखाली एका प्लास्टिकच्या पाकिटात दोन कागद. दोन्हींवर टोपिस्ताचा अंगठा आहे, ठसठशीत, रेघान्‌रेघ उठलेला.

पहिला एका म्हाताऱ्याचा. तो एप्रिलमध्येच वारला. रीतीप्रमाणे त्याच्या जागी घराची प्रमुख म्हणून त्याची मुलगी बसली की ती वारस म्हणून कागद देईल, असं टोपिस्ताने मागे लिहिलंय. त्या विधीची तारीख अजून ठरलेली नाही.

दुसरा अडतिसाव्या ओळीचा. नावाच्या जागी तिच्या अक्षरात एवढंच आहे: अतवूकी. म्हातारी बाई. आंब्याच्या डाव्या बाजूला बसली होती. गावची नसावी, कोणाकडे तरी पाहुणी आली असावी. कोणाकडे, ते अपुलीला विचारायचं.

अपुलीला ते कोणी विचारलेलं नाही.